किंकाळीची पोथी

माझी मुलगी मराठी किती छान बोलते, हे मला आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात उभं राहून कळलं. मी मराठीची शिक्षिका आहे. बावीस वर्षं पनवेलच्या एका हायस्कुलात दुसऱ्यांच्या पोरांकडून निबंध लिहून घेतेय. घरात मात्र माझी नववीतली लेक "ओके", "नथिंग" आणि "आई, प्लीज" एवढ्याच भांडवलावर माझ्याशी दिवस काढत होती. त्या संध्याकाळी एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन मी पहिल्या मजल्यापर्यंत आले, तर घरमालकिणीच्या अर्धवट उघड्या दारातून आवाज आला, "किंकाळी तिच्या गळ्याशी येऊन थांबली होती, आजी. तिने ओठ घट्ट मिटले, दात आवळले, तरी ती आतून धडका देत होती."

मला आधी वाटलं, कुणा दुसऱ्याची मुलगी आहे. इतकी गुणाची पोर कुणाची, म्हणून मी कौतुकाने थांबले. मग आवाज ओळखला आणि कौतुक तिथंच संपलं.

घरमालकीण सत्तरीची, आगरी, अंगाने काटक. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, नाकात मोठी फुली. शेतं सरकारी प्रकल्पात गेली आणि त्या बदल्यात मिळालेल्या जागेवर तिच्या मुलांनी ही चार मजली बिल्डिंग बांधली, पण तिच्या लेखी तिथं अजून शेतच होतं. ती भाडेकरूंना नावाने हाक मारत नसे. तळमजल्यावरचे गुजराती "विहिरीवरचे", समोरचे बँकवाले "बांधावरचे". आमच्या स्वयंपाकघराच्या जागी म्हणे पूर्वी चिंच होती, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून आम्ही "चिंचेच्या शेंड्यावरचे". एकदा माझ्या बेसिनचा पाइप तुंबला तेव्हा प्लंबरच्या मागे उभी राहून ती, नेहमीसारखा ळ चा ल करत, म्हणाली, "चिंचेच्या मुली लय खोल जातात, बाय." प्लंबरने तिच्याकडे पाहिलं आणि कामाचे दर वाढवले.

पण गावात तिची ओळख वेगळी होती. ती रडायला जायची. कुणाच्या घरी मयत झाली की उरणच्या खाडीपासून शिरढोणपर्यंत कुठूनही तिला बोलावणं यायचं. त्यांच्यात अशी रीत की घरच्या बायकांनी आपण होऊन रडायला सुरुवात करायची नाही, परक्या बाईने आधी हेल काढायचा, मग घरच्यांचा बांध फुटतो. ही त्यातली सगळ्यात नावाजलेली. पैसाअडका नाही, मानाचं काम. टेंपोत, रिक्षात, कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून जायची. परत आली की डोक्यावरून आंघोळ करायची आणि ताटभर भात, वर मासळीचं कालवण, तळलेली तुकडी, सुक्या जवळ्याची चटणी असं दोन माणसांचं जेवायची.

"दुसऱ्याचा मरन उपाशी पोटी ठेवू नये," ती म्हणायची. "वरून म्हावरा टाकाचा."

मी भाषेची बाई, म्हणून मी तिला एकदा विचारलं होतं की तुम्ही रडताना काय म्हणता. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग म्हणाली, "रडना म्हनजे भांडना. ज्याच्याशी भांडता येत नाय त्याच्यासाठी रडता येत नाय. मना का टाकून गेलीस, लेकीच्या लग्नाला का नाय थांबलीस, असा भांडाचा. आनि मेलेल्याला तुमी-आमी नाय. कलेक्टर मेला तरी तूच." तिचे मालक वारले तेव्हा उरणजवळच्या मोऱ्याची एक कोळीण हेल काढायला आली होती. ती नीट भांडली नाही, ही तक्रार तिने पुढे पंधरा वर्षं जपली.

आता माझी मुलगी तिला वाचून दाखवायची ती पुस्तकं. इंग्रजी होती, पाच भागांची मालिका, परदेशातल्या कुठल्याशा थंड गावातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची. या मुलींच्या रक्तातच एक शाप असतो. जवळपास कुणी मरणार असलं की त्यांना आतून किंकाळी येते आणि ती काही केल्या दाबता येत नाही. आता अशा मुलीने शाळेत कसं जायचं, आणि मुख्य म्हणजे प्रेमात कसं पडायचं, हा सगळा विषय. पहिला भाग माझ्या मुलीला एसटी स्टँडजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मिळाला. मी वायफाय बंद केलं होतं, म्हणून ती रुसून जिन्यात बसून वाचत होती. घरमालकीण वर टाकी बघायला निघाली होती. तिने मुखपृष्ठ पाहिलं. केस सुटलेली, तोंड उघडलेली पोरगी.

"ही का रडतेय?" तिने विचारलं.

"कुणीतरी मरणार आहे म्हणून."

"मरनार हाय? अजून मेला नाय?" ती टाकी विसरून पायरीवर बसली. "मेल्यावर रडाचा. आदी रडून मानूस वाचतं का?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे ना, आजी," माझी मुलगी म्हणाली. मला "नथिंग" सांगणारी माझी मुलगी.

दुसऱ्या दिवसापासून वाचन सुरू झालं, आणि तेही कसं, तर पोथीसारखं. कारण पुस्तक ऐकायचं म्हणजे पोथी ऐकायची, ही एकच पद्धत म्हातारीला ठाऊक होती. गावात श्रावणात पोथी लागते तेव्हा एक जण ओवी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. इथे दोन्ही कामं माझ्या मुलीकडे. आधी एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचा मराठी अर्थ. इंग्रजी वगळलेलं म्हातारीला चालत नसे. "मूल बोल आदी, मंग अर्थ. नायतर देवाला कसा कलल?" हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन ती पाटावर बसायची. पुस्तक चौरंगावर, बाजूला निरांजन. आणि अध्याय संपला की वाटीतली साखर. मुखपृष्ठावरच्या त्या केस पिंजारलेल्या पोरीला पहिल्याच आठवड्यात हळदीचं बोट लागलं, ते शेवटपर्यंत तसंच होतं.

नायकाबद्दल तिचं मत बरं नव्हतं. तो गोरा, फिकट, सदैव खिडकीबाहेर बघणारा. "याला कावील झालीय," ती म्हणाली. मुलीने समजावलं की तो दुःखी आहे. "म्हावरा खात नसंल," म्हातारीने निदान केलं. माझी मुलगी हसून हसून लोळली, आणि मी बाहेर मेथीची जुडी घेऊन उभी.

मी रोज उभी राहायला लागले. आधी दोन मिनिटं, मग दहा. शाळेतून आले की पहिल्या मजल्यावर चप्पल न वाजवता थांबायचं. मला त्या गोष्टीचीही गोडी लागली होती, हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नसतं. उशीर झाला की मधलं काय झालं ते कळायचं नाही आणि विचारायची सोय नव्हती. मुलगी लहान असताना रोज रात्री मी तिला वाचून दाखवायचे. अकराव्या वर्षी एके दिवशी ती म्हणाली, "आई, मी मनात वाचेन आता," आणि दिवा आपल्या बाजूला वळवून घेतला. मी म्हटलं, मोठी झाली. मोठी बिठी काही झाली नव्हती. तिला फक्त दुसरी बाई मिळायची होती. मी जळत होते. नवरा बंदरात शिफ्टला असायचा, त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हातारीवर काय जळतेस?" म्हाताऱ्यांवर जळायचं नाही असा काही नियम आहे का, ते मला माहीत नाही.

एकदा दुपारी मी घरी एकटी असताना दुसरा भाग घेऊन बसले, शेजारी शब्दकोश. चार पानं वाचली. अगदीच बाष्कळ होतं. किंकाळी, डोळे, पाऊस, ओठ, परत किंकाळी. जिन्यात ऐकलेलं हेच का, म्हणून मी परत वाचलं. मग कळलं की जे काही छान होतं ते पुस्तकात नव्हतं. ते माझी मुलगी सांगायची त्यात होतं, आणि ती ते मला सांगत नव्हती.

तिसऱ्या भागाच्या सुमाराला ती म्हातारी माझ्या मुलीला घेऊन मयतीला गेली. मी शाळेतून आले तर दाराला कुलूप, मोबाईल घरात. खाली म्हातारीची सून म्हणाली, "मॅडम, सासूबरोबर मोऱ्याला गेलीय, तिकडं एक आजी वारली." दोन तास मी गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. दोघी टेंपोतून उतरल्या तेव्हा मुलीचे डोळे सुजून लाल झाले होते.

"कोण होती ती तुझी?" मी विचारलं.

"कुणी नाही. पण आजी तिच्याशी इतकं भांडली ना, आई. मला थांबवताच येईना."

याच मुलीने वर्षापूर्वी माझी आई गेली तेव्हा कोपऱ्यात बसून मोबाईल पाहिला होता. खरं तर मीही रडले नव्हते. आईशी भांडण्यासारखं काही नव्हतंच, किंवा असेल तर ते काढायचं कसं हे आमच्याकडे कुणी शिकवलं नव्हतं. पण त्या दिवशी मला एवढंच दिसलं की माझ्या आईच्या वाट्याचं पाणी ही पोरगी मोऱ्याच्या कुठल्या म्हातारीला देऊन आली. मी घरमालकिणीला जिन्यात गाठून सांगितलं की माझ्या मुलीला न विचारता कुठेही न्यायचं नाही. ती म्हणाली, "बरा, बाय." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला राग हवा होता.

मुलगी दहावीत गेली त्या वर्षी चौथा भाग दिवाळीनंतर संपला, आणि तो अशा ठिकाणी संपला की लेखिकेला धरून बडवावं. नायिकेने त्या कावीळवाल्याचा हात हातात घेतलाय, आणि तिच्या गळ्याशी किंकाळी येते. कुणासाठी, ते पुढच्या भागात. म्हातारी संतापली. "असा कोन तोडतं पोथी? अध्याय मधी नाय तोडाचा." अर्धवट राहिलेली पोथी घराला बाधते, अशी तिची पक्की समजूत. तिने तिथल्या तिथे निरांजनावर हात धरला आणि नेम घेतला. पोथीची समाप्ती होईपर्यंत म्हावरं खाणार नाही.

आगरी माणसाने म्हावरं सोडणं म्हणजे काय, ते पनवेलमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पौषात एके दिवशी एसटी स्टँडजवळ त्या गाडेवाल्याने मला हाक मारली. "मॅडम, ते किंकाळीवालं शेवटचं आलंय. मुलीला द्या." मी पुस्तक घेतलं आणि तिथल्या तिथे म्हणाले, "तिला बोलू नका हं. परीक्षा झाल्यावर देते." तो म्हणाला, "बरोबर आहे, दहावी आहे." महाराष्ट्रात या दोन शब्दांपुढे कुणी काही विचारत नाही. घरी येऊन मी पुस्तक गव्हाच्या डब्यात खोल पुरलं, कडुलिंबाचा सुका पाला घालतो ना आपण, त्याच्याखाली.

दहावी हे निमित्त होतं. मला ती संध्याकाळ परत हवी होती. पोथी नसली की मुलगी थेट वर येईल, माझ्याजवळ बसेल, काहीतरी बोलेल. ती वर यायची, खरंच. खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. आता तर जिन्यातही तिचा आवाज ऐकू येत नव्हता.

म्हातारी मला रोज विचारायची. "तू एस्टीकडं जातंस ना, बाय. आला का बग ना आपला पुस्तक."

"विचारलं, मावशी. नाही आलं," मी सांगायचे.

माघात सून वर आली. "मॅडम, सासू वरणभातावर हाय. काल पोराने जिताडा आणला, तिने वाससुद्धा नाय घेतला. तुमी तरी सांगा, पुस्तक काय देवाचं हाय?" मी म्हटलं, सांगते. म्हातारीच्या गळ्याची हाडं वर आली होती, लुगडं दोनदा खोचावं लागत होतं. मयतीहून आली की आंघोळ करून तशीच पडून राहायची. मला सगळं दिसत होतं. गव्हाचा डबा माझ्या ओट्याखाली होता, मी रोज त्याच्यापुढे उभी राहून पोळ्या लाटत होते, आणि तरी मी तो उघडला नाही. याला काय म्हणायचं ते म्हणा.

मार्चमध्ये ती तापाने पडली. डॉक्टरांनी घरीच सलाइन लावलं आणि सांगितलं की अंगात काही उरलेलं नाही, मासळी-अंडी सुरू करा. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी मुलीचा शेवटचा पेपर होता, भूगोलाचा. तिला रिक्षात बसवून मी वर आले, कोपरापर्यंत हात गव्हात घातला आणि पुस्तक काढून खाली गेले.

"मावशी, आलं बघा. आजच आलं."

तिने डोळे उघडले. "पोरगी कुटं हाय?"

"पेपरला."

"मंग तू वाच."

मी हातपाय धुतले. निरांजन लावलं. पहिलं वाक्य वाचलं आणि अर्थ सांगायला लागले.

"असा नको," ती म्हणाली. "मी काय शालेत हाय? पोरगी सांगते तसा सांग."

मी परत सुरुवात केली. जिन्यात उभं राहून जे ऐकलं होतं तसं बोलायचा प्रयत्न केला. दोन पानं झाली, तिसरं उलटलं, आणि कडुलिंबाची एक वाळकी काडी, दोन-तीन पानांसकट, तिच्या चादरीवर पडली. पाठोपाठ चार गहू. तिने ती काडी उचलली, नाकाशी नेली. धान्य साठवण्यात जन्म गेलेली बाई ती.

"कवापासून?" तिने विचारलं.

"पौषापासून."

तिने छताकडे पाहिलं, जिथे वर आमचं घर होतं. मग तिने काडी पानांत खुणेला ठेवली आणि पुस्तक मिटलं. "ऱ्हऊ दे. पोरगी येल, ती पयल्यापासून वाचल. तिला नाय सांगाचा आपुन."

"आपुन" म्हणाली ती. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

मुलगी आली, पुस्तक बघून किंचाळली, आणि चार दिवसांत पोथी पुरी झाली. ऐकलेली तीन पानं म्हातारीने नव्याने ऐकल्यासारखी ऐकली, "अगो बाय" सुद्धा म्हणाली. शेवटच्या दिवशी तिने बसल्या जागेवरून हाक मारली, "मास्तरीन, जिन्यान का उबी? आत ये." मी आत गेले. मुलीने सरकून मला जागा दिली. शेवटी तो कावीळवाला जगला, आणि म्हातारी नाराज झाली, येवडी किंकाली फुकट गेली म्हणून. मग साखर वाटली, जिताड्याच्या चार तुकड्या खाल्ल्या आणि ढेकर देऊन झोपली.

त्यानंतर दोन वर्षं ती जगली, आणि ती दोन वर्षं माझी बरी गेली. कारण जिन्यात भेटली की ती, मुलगी शेजारी असली तरी, अगदी सरळ चेहऱ्याने विचारायची, "गहू बरा हाय ना, बाय?" मी म्हणायचे, "बरा आहे, मावशी." मुलीच्या नकळत आमचं दोघींचं असं काहीतरी होतं. त्या दोघींची पाच पुस्तकं, माझी एक काडी. पण माझी होती.

ती गेली त्या सकाळी मुलगी पुण्यात हॉस्टेलवर होती. मी फोन केला. आजी गेली ते सांगितलं. मग म्हटलं, "तुला एक सांगायचं राहिलंय. ते शेवटचं पुस्तक..."

"गव्हात होतं," ती म्हणाली. "माहितीये मला. आजीने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तिनेच सांगितलं, आईला कळू देऊ नकोस म्हणून." नाक ओढून ती पुढे म्हणाली, "बोलली, तिला वाटू दे, तिचा-माजा दोघींचा काय तरी हाय."

मी फोन ठेवला. म्हणजे हेही त्या दोघींचंच होतं. माझी म्हणून जी एक काडी होती, तीसुद्धा त्या दोघींनी मिळून मला दिलेली. मरून चार तास झाले नव्हते आणि मी त्या बाईवर पुन्हा जळत होते.

खाली गेले तर खोली बायकांनी भरलेली, आणि कुणीच रडत नव्हतं. सून पदर तोंडात धरून बसली होती. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. आजवर सुरुवात जिने केली, ती मधोमध निजली होती, आणि तिच्यासाठी हेल काढायला परकी बाई कोण, हे कुणाला सुचत नव्हतं. मी तिच्या पायाशी जाऊन बसले. मला कुणाचं सांत्वन करायचं नव्हतं. मला भांडायचं होतं.

"पोरीला का सांगितलंस?" मी म्हणाले. माझा आवाज चिरकला आणि वर गेला. "एवढी एक गोष्ट माझ्याजवळ ठेवली असतीस तर तुझं काय गेलं असतं? रोज विचारायचीस ना, गहू बरा आहे का. मग आज विचार ना मला. विचार."

मागे सुनेचा हुंदका फुटला, आणि मग सगळी खोली रडायला लागली.